बारा बंदरांचे नमस्कार

बंदरकारांना बोट लागायची, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकताना ते कुणाला खरं वाटत नाही. त्या काळी आगबोट मालवणला धक्क्याला लागत नसे. खडकांच्या पलीकडे खोल पाण्यात उभी राही आणि उतारू पडावात बसून तिच्यापर्यंत जात. बंदरकार नोकरीला लागले त्या वर्षी साहेबाने त्यांना माल तपासायला पडावातून पाठवलं. निम्म्या वाटेवर पोचेपर्यंत त्यांच्या पोटात होतं नव्हतं ते सगळं दर्यात गेलं. खलाशांनी त्यांना उचलून परत आणलं आणि वाळूत निजवलं. त्यानंतरची सगळी नोकरी त्यांनी बंदरावरच्या कचेरीत, पायाखालची फरशी न सोडता केली. आमच्या गावात मुंबई न पाहिलेला जाणता पुरुष एकच होता, आणि तो आगबोटीच्या कचेरीत कारकून होता.

त्यांचं काम उतारूंच्या सामानाला चिठ्ठ्या बांधायचं. ट्रंक, वळकटी, आंब्याची करंडी, कुळथाचं गाठोडं, जे येईल त्याला सुतळी ओवलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधायची आणि तिच्यावर बंदराचं नाव लिहायचं. देवगड, विजयदुर्ग, जैतापूर, थेट मुंबईपर्यंत. ही नावं तीस वर्षं लिहून त्यांच्या बोटांत बसली होती. पेन्शनीत निघून गावी आल्यावरही ती बोटं गप्प बसेनात. त्यांच्या घरी पाण्याच्या हंड्याला चिठ्ठी, फणसाला चिठ्ठी, मांजरीच्या गळ्यातसुद्धा चिठ्ठी होती. मांजरीच्या चिठ्ठीवर सुरेख अक्षरात लिहिलं होतं, ‘ही आमची. परत पाठवावी.’ आणि ती मांजर खरोखरच दोनदा परत आली होती.

त्यांचं खरं नाव गावात कुणी घेत नसे, तेव्हा मीही घेत नाही. खाकी अर्धी चड्डी, वर पांढरा सदरा, सदऱ्याच्या कॉलरीला मागून अडकवलेली छत्री. ती छत्री उन्हाळ्यातही तिथेच. अंगकाठी अशी की वाऱ्याने उडावेत. व्यायाम शिकवायला असा माणूस कुणी नेमला नसता. त्यांनाही कुणी नेमलं नव्हतं.

गावात विकास योजनेतून समाजमंदिर बांधलं गेलं ते आम्ही सगळ्यांनी श्रमदान करून. चिरे मीही डोक्यावरून वाहिले आहेत. आत एक रेडिओ आला, एक कॅरम आला, आणि संध्याकाळी तिथे माणसांची गर्दी होऊ लागली. सकाळी मात्र दाराला कडी असे. बंदरकारांनी सरपंचांकडून ती सकाळ मागून घेतली आणि दुसऱ्या दिवशी छत्री पाठीला लावून घरोघर फिरले.

‘‘सकाळी साडेपाचाक बोट सुटता,’’ ते प्रत्येक अंगणात उभे राहून सांगत. ‘‘एकट्याक तिकीट नाय. जवानान म्हातारो आणूचो, म्हाताऱ्यान जवान आणूचो.’’

पहिल्या दिवशी लोक गेले ते गंमत पाहायला. बंदरकारांनी त्यांना सूर्यनमस्कारांसाठी रांगेत उभं केलं. एका जवानाशेजारी एक म्हातारा. नमस्कार बारा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण बंदरकारांनी ना एक-दोन म्हटलं, ना सूर्याची नावं घेतली. पहिल्या नमस्काराला ते ओरडले, ‘‘मालवण!’’ दुसऱ्याला, ‘‘देवगड!’’ मग विजयदुर्ग, जैतापूर, रत्नागिरी, जयगड, दाभोळ, हर्णै, बाणकोट, श्रीवर्धन, मुरुड, आणि बाराव्याला मुंबई. देवळातले भटजी दारात उभे होते. त्यांना हे सहन झालं नाही.

‘‘अहो, नमस्कार सूर्याला घालतात की बंदरांना?’’

‘‘सूर्य रोज एकाच वाटेन जाता, भटानू,’’ बंदरकार म्हणाले. ‘‘तेका वाट सांगूक लागणा नाय. माणसांक सांगूक लागता.’’

भटजी पंधरा दिवसांनी स्वतःच रांगेत आले. त्यांची कंबर धरली होती.

आता त्यांचा नियम सांगते, कारण सगळं त्याच्यावरच उभं आहे. एक नमस्कार पुरा झाला की दोन्ही हात डोक्यावर ताठ धरून उभं राहायचं. हे झालं बंदर. रांगेतल्या शेवटच्या म्हाताऱ्याचा नमस्कार पुरा होईपर्यंत कुणी हात खाली घ्यायचे नाहीत, आणि पुढचं बंदर पुकारलं जायचं नाही. शेवटचा माणूस पुरा झाला की बंदरकार विचारत, ‘‘म्हातारो चढलो?’’ आणि सगळ्यांनी एका आवाजात सांगायचं, ‘‘चढलो!’’ की बोट सुटली.

हे ऐकायला सोपं आहे. करून बघा. जवान पोरगा दहा आकड्यांत नमस्कार घालून मोकळा होतो आणि मग शेजारचा सत्तर वर्षांचा आजोबा एक गुडघा टेकतो, दम खातो, दुसरा गुडघा टेकतो, तोवर याचे हात वरच. खांद्यांत आग पेटते. म्हाताऱ्यांना घाई नसल्यामुळे ते आरामात व्यायाम करत आणि घामाच्या धारा लागत त्या जवानांना.

या जवानांत पहिला नंबर मधग्याचा. पंचविशीचा, आडव्या हाडाचा, भरलेली होडी एका खांद्याने रेटणारा. तो तिसऱ्याच दिवशी भडकला. ‘‘बंदरकारानू, माजी बोट मुंबैक जावन परतसुदीक इली. ह्ये म्हातारे अजून देवगडात!’’

‘‘जावन इली?’’ बंदरकारांनी विचारलं. ‘‘कोणाक घेवन गेल्ली?’’

मधग्याने हात खाली सोडले आणि आजूबाजूच्या म्हाताऱ्यांकडे पाहिलं.

‘‘रिकामी बोट खंयव जाता, मेल्या. हात वर धर.’’

मधग्या महिनाभर शिव्या देत राहिला, पण यायचा थांबला नाही. का, ते त्याने मला पुढे सांगितलं. होळीत नारळाच्या झाडावर चढताना त्याला कळलं की त्याचे हात आता दुखतच नाहीत.

पावसाळ्यात आगबोट बंद असे. मग बंदरकारही बंदरं पुकारत नसत. बोट बंद असताना दर्यावर जायचं म्हणजे नियमाचा भंग. चार महिने ते आम्हाला एस.टी.ने नेत. कुडाळ, सावंतवाडी, दाणोली, आणि मग आंबोली. घाट असल्यामुळे आंबोलीला गुडघे छातीपर्यंत उचलून जागच्या जागी चढायचं असे, आणि तिथे बंदरकार हटकून पंक्चर काढत. म्हणजे एका पायावर उभं राहायचं, गाडी दुरुस्त होईपर्यंत. बाहेर पाऊस, आत चाळीस माणसं एका पायावर, म्हातारे जवानांच्या खांद्याला धरून. बाहेरचा कुणी आला असता तर सगळ्या गावाला वेड लागलं असं समजून पळाला असता. मलाही कधी कधी तसंच वाटे. पण त्या एवढ्याशा माणसाकडे बघितलं की हसू ओठांवरच थांबे. त्यांना हे सगळं खरंच दिसत होतं.

आता माझ्या बाबांकडे येते. इतका वेळ टाळत होते.

बाबा रापणीचे तांडेल होते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. होडीने दर्यात अर्धगोल सोडायचं आणि दोन्ही टोकांना पन्नास-साठ माणसांनी दोर ओढायचे. कुठलं टोक कधी ओढायचं, कधी सैल सोडायचं, हे तांडेल ओरडून सांगतो. दोन्ही टोकांत दोन-दोनशे वाव, म्हणजे हजार-बाराशे फूट अंतर, वर लाटांचा आवाज. तांडेलाचं सगळं भांडवल त्याच्या गळ्यात. बाबांनी हाक मारली की वाडीतली कुत्रीसुद्धा उठून बसत, असं लोक म्हणत, आणि ते खोटं नव्हतं.

एका सकाळी ते विहिरीवर आंघोळ करताना कोसळले. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. महिन्याभराने पायात थोडा जोर आला, धरून उभे राहू लागले, पण गळ्यातून ‘आं’ याच्यापलीकडे काही निघेना. रापणीवर त्यांच्या जागी मधग्या उभा राहू लागला. त्याचा आवाज पहिल्या दिवशी आमच्या अंगणात ऐकू आला, तेव्हा बाबांनी मला खुणेने खाट फिरवायला सांगितली. तोवर ती दर्याकडे तोंड करून होती. मी फिरवली. त्यानंतर सात महिने माझा बाप भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. डॉक्टर म्हणाले, वाचा परत यायची असेल तर येईल, पण माणसाने माणसांत बसलं पाहिजे. बाबा माणसांत बसायला तयार नव्हते. आई घास भरवायची आणि स्वयंपाकघरात जाऊन रडायची. मी तेव्हा सतरा वर्षांची होते आणि सगळ्या जगावर माझा राग होता.

अशा वेळी बंदरकार आमच्या अंगणात आले. आले ते थेट आत जाऊन बाबांच्या खाटेच्या आणि भिंतीच्या मधल्या फटीत उभे राहिले. तेवढ्या फटीत मावेल असा गावात तो एकच माणूस.

‘‘तांडेलानू, फाल्या साडेपाचाक बोट सुटता.’’

‘‘बंदरकारानू, तेंका उबे रवाक येना,’’ आई म्हणाली. ‘‘नमस्कार कसले घालतले ते?’’

‘‘बसान घालतले. बोटीत सगळेच उबे रवनत नाय.’’

मग त्यांनी खिशातून पुठ्ठ्याची चिठ्ठी काढली. समाजमंदिरात खिळ्यांची एक रांग होती आणि येणाऱ्या प्रत्येकाची चिठ्ठी तिथे टांगलेली असे. त्यांनी बाबांचं नाव लिहिलं, खाली ‘मुंबई’ लिहिलं आणि चिठ्ठी माझ्या हातात दिली. माझं डोकं फिरलं. ज्याला अंगणापर्यंत जाता येत नाही त्याला हा माणूस मुंबईला पाठवतो.

‘‘माज्या बापाशीची थट्टा करतास काय?’’ मी विचारलं.

ते रागावले नाहीत. मला वाटतं, त्यांना प्रश्नच नीट समजला नाही. ‘‘चिठ्ठी जायच्या बंदराची बांधतत गो चेडवा,’’ ते म्हणाले. ‘‘सामान सध्या खंय पडलां हा, तेची नाय.’’

हे वाक्य मी आजवर कित्येक वर्गांत, कित्येक मुलांकडे बघत मनातल्या मनात म्हटलं आहे.

दुसऱ्या दिवशी मी आणि आईने बाबांना अक्षरशः ओढत नेलं. जवान म्हणून त्यांच्याबरोबर मी उभी राहिले. आम्हाला भाऊ नव्हता. पुरुषांत मुलगी बघून समाजमंदिरात कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, चेडू बापयांत नमस्कार घालतलां काय? बंदरकारांनी तिकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. ‘‘जवान होयो म्हणान सांगलंय. बापयो होयो असां सांगूक नाय,’’ ते म्हणाले आणि मला परकराचा काष्टा घालायला सांगितलं. आठवड्याभरात मासे विकणाऱ्या सावित्रीकाकी आल्या, सुनेला घेऊन. सासू म्हातारी, सून जवान, तिकीट झालं. सावित्रीकाकी घरी सुनेला बसू देत नसत. इथे मात्र सासूचा नमस्कार पुरा होईपर्यंत सून हात वर करून उभी राही आणि काकी मुद्दाम सावकाश करत. पुढे त्यांनाच ओशाळं वाटू लागलं असावं, कारण त्या भराभर वाकायला लागल्या आणि त्यांचा दमा कमी झाला.

बाबा स्टुलावर बसत. डाव्या हाताने उजवा हात उचलून छातीपर्यंत आणायचा, वाकायचं, परत सरळ व्हायचं. एवढ्याला त्यांना जेवढा वेळ लागे तेवढा वेळ चाळीस माणसं हात वर धरून उभी राहत, आणि त्यांत पहिल्या रांगेत मधग्या. बंदरकारांनी त्याला मुद्दामच बाबांच्या समोर उभा केला होता. बाबा पहिले कित्येक दिवस डोळे वर करत नसत. त्यांना लाज वाटे. आपल्यासाठी एवढी माणसं थांबतात याची त्यांना सवय नव्हती. त्यांना माणसं हलवायची सवय होती. मीही शरमेने मेल्यासारखी होई. पण कुणीही, एकदाही, हात लवकर खाली घेतला नाही. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत असे. आपल्या माणसासाठी परकी माणसं इतकं सोसतात, हे मी तिथे पहिल्यांदा पाहिलं. बंदरकार नावाच्या त्या काटकीने त्यांच्याकडून ते करवून घेतलं होतं, आणि कसं, ते मला अजून सांगता येत नाही.

पण आवाज येत नव्हता. ‘‘म्हातारो चढलो?’’ म्हटलं की सगळे ओरडत आणि बाबांचे ओठ नुसते हलत. पाच महिने गेले. आई मला रोज विचारायची, काय बोलले? आणि मी रोज मान हलवायची.

त्याच सुमारास विकास योजनेचे साहेब गावात आले. वरचे मोठे साहेब समाजमंदिर पाहायला येणार होते आणि त्यांच्यापुढे युवकांच्या कवायतीचं प्रात्यक्षिक व्हायला हवं होतं. साहेब सकाळी आमचा प्रकार बघून गेले आणि बंदरकारांना बाजूला घेऊन म्हणाले, ‘‘युवकांची कवायत युवकांनी करावी. वृद्ध मंडळींनी आणि महिलांनी सतरंजीवर बसून आनंद घ्यावा. आकडे मी स्वतः म्हणेन.’’

बंदरकार शुद्ध भाषेत म्हणाले, ‘‘साहेब, आमची बोट तशी सुटत नाही.’’

‘‘कसली बोट?’’

‘‘काही नाही, साहेब.’’

आमच्याशी सिंहासारखा वागणारा हा माणूस, पण साहेब म्हटला की तीस वर्षांची नोकरी त्यांच्या पाठीच्या कण्यात शिरे. त्यांनी मान डोलावली. मला त्यांचा इतका राग आला की मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही. बाबांनाही कळलं होतं. प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी त्यांनी घरी खाटेकडे बोट दाखवलं, मग भिंतीकडे. मी तिकडे लक्ष न दिल्यासारखं केलं. पण मला समजलं होतं. उद्या एकदा का सतरंजीवर बसवलं गेलं की परवा ते उठणार नव्हते.

त्या दिवशी समाजमंदिराच्या अंगणात आंब्याचे डहाळे लावले होते. मोठे साहेब खुर्चीवर. सतरंजीवर सगळे म्हातारे, सावित्रीकाकी, मी, आणि माझ्या शेजारी खांद्यावर धुतलेला पंचा टाकलेले बाबा. समोर बावीस जवान, पांढरे सदरे, खाकी चड्ड्या. बंदरकार मागे दाराशी छत्रीसकट उभे होते आणि जमिनीकडे बघत होते.

साहेबांनी छाती काढून म्हटलं, ‘‘एक!’’

बावीस जणांनी एक नमस्कार घातला. सुंदर घातला. आणि हात वर करून उभे राहिले.

‘‘दोन!’’

कुणी हललं नाही.

‘‘दोन!’’ साहेब पुन्हा म्हणाले, जरा मोठ्याने. हातांच्या बावीस जोड्या आभाळाकडे, तशाच. आधी मला वाटलं, ठरवून केलंय. तसं मुळीच नव्हतं. मधग्याने पुढे शपथेवर सांगितलं, ‘‘माका ऐकाक इलां. दोन म्हणजे काय ताव समाजलां. पण हात खाली येयनत!’’ त्यांची सवयच तशी झाली होती. बंदरावरून सुटायचं तर शेवटचा म्हातारा चढायला हवा, आणि म्हातारे सगळे सतरंजीवर. साहेब ‘‘दोन, दोन’’ ओरडत होते, त्यांचा चेहरा लाल झाला होता, आणि ते बावीस जण वर हात धरून, माना वळवून सतरंजीकडे बघत उभे होते. कुणाकडे? तर सगळ्यांत शेवटी जो पुरा होतो त्याच्याकडे. माझ्या बापाकडे.

मोठ्या साहेबांनी विचारलं, ‘‘हे थांबले का?’’

बाबांचा डावा हात माझ्या खांद्यावर पडला. जड होता. ते माझ्या आधाराने उभे राहिले. स्टूल नव्हतं. डाव्या हाताने त्यांनी उजवा हात उचलला, छातीपाशी आणला, आणि वाकले. वाकताना त्यांचा सगळा भार माझ्या अंगावर आला. मग सरळ झाले. अंगणात पानसुद्धा हलत नव्हतं असं मी म्हणणार नाही, वारा चांगला होता, पण माणूस हलत नव्हतं. आणि दाराकडून, जरा कापत, ओळखीचा आवाज आला.

‘‘म्हातारो चढलो?’’

‘‘चढलो!’’ बावीस जण ओरडले. सतरंजीही ओरडली.

आता पुढचं बंदर पुकारायचं. बंदरकारांनी तोंड उघडलंही होतं. पण त्यांच्याआधी माझ्या कानापाशी घरघर झाली. ‘‘दे...’’ मग दम. मग पुन्हा, ‘‘दे... व...’’ बंदरकारांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. बाबांच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. ‘‘देव... गड!’’

तो आवाज जुना नव्हता. फाटका होता, अर्धा वाकडा होता. पण वर्ष उलटल्यावर माझ्या बापाने हाक मारली आणि बावीस माणसं एकदम खाली वाकली. मी रडत होते की हसत होते ते मला आठवत नाही. मधग्या नमस्कार घालता घालता रडत होता, हे मात्र सगळ्यांनी पाहिलं.

मोठे साहेब जाताना म्हणाले, ‘‘शिस्त उत्तम आहे. मोजणी जरा कच्ची वाटते.’’

पुढचे काही आठवडे आमच्या घरात मोठी मजा झाली. बाबांना वाचा आली ती बंदरांचीच. दुसरे शब्द येईनात. पाणी हवं असलं की म्हणत ‘जैतापूर’, चहा हवा असला की ‘रत्नागिरी’. आई बिचारी दोन्ही घेऊन यायची. रागावले की ‘बाणकोट’ म्हणत, आणि ते इतक्या जोरात की शेजारी विचारायला येत. मग हळूहळू बंदरांच्या मधल्या मोकळ्या जागेत दुसरे शब्द येऊन बसले. माझं नाव दिवाळीत आलं. पुरती वाचा कधीच आली नाही आणि ते पुन्हा तांडेल झाले नाहीत. पण खाट आम्ही दर्याकडे फिरवली. आणि रापण ओढायच्या वेळी मधग्या बाबांना वाळूत आपल्या शेजारी उभं केल्याशिवाय पहिली हाक देत नसे. दोरावरची माणसं त्याला विचारत, ‘‘म्हातारो चढलो?’’ मधग्या म्हणे, ‘‘चढलो,’’ आणि दोर ताणले जात.

बंदरकारांना मी कधी धन्यवाद दिले नाहीत. एकदा प्रयत्न केला, तर ते म्हणाले, ‘‘माका कित्याक? मी खंय बोटीत आसंय?’’ आणि खरंच, रांगेत ते कधी उभेच राहिले नव्हते. खिळ्यांच्या रांगेत चिठ्ठी सगळ्यांची होती, त्यांची नव्हती.

मी पुढे प्राथमिक शाळेत मास्तरीण झाले, बदल्या होत राहिल्या, माहेरी येणं सुट्टीपुरतं उरलं. एका सुट्टीत आई म्हणाली, बंदरकार आता विसरतात. घरची वाट चुकतात. मी सकाळी समाजमंदिरात गेले. छत्री कॉलरीला होतीच. सदऱ्याच्या पहिल्या बटणाला सुतळीने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली होती. अक्षर थोडं थरथरलेलं, पण त्यांचंच. ‘हा आमचा. परत पाठवावा.’ आपल्याला काय होतंय ते त्यांनी ओळखलं होतं, आणि हातून होतं ते करून ठेवलं होतं. मी जाऊन बाबांच्या शेजारी, माझ्या जुन्या जागी उभी राहिले.

बंदरकारांनी सुरुवात नेहमीसारखी केली. मालवण, देवगड, विजयदुर्ग. जैतापूरला त्यांनी मला ओळखलं, मान हलवली. रत्नागिरी, जयगड, दाभोळ. दाभोळला आम्ही हात वर धरून उभे राहिलो. सगळे चढले. त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

पुढचं बंदर त्यांना आठवेना.

ते आठवू लागले. बोटं हवेत हलली, चिठ्ठी लिहावी तशी. बोटांनाही सापडलं नाही. आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कुणी सांगितलं नाही. कुणी हात खाली घेतला नाही. मधग्या आता चाळिशीला टेकला होता, त्याचे दंड थरथरायला लागले. सावित्रीकाकींचे हात तर खाली येऊ लागले होते, पण सुनेने मागून त्यांचे कोपर धरले. आम्ही थांबलो. किती वेळ, ते सांगता येत नाही. माझे हात बधिर झाले होते, आणि मला वाटत होतं की हे असंच सकाळभर चाललं तरी चालेल, या माणसासाठी मी उभी राहीन.

शेवटी बाबा रांगेतून बाहेर आले. डाव्या हाताने त्यांनी बंदरकारांचा हात धरला, आणून आपल्या जागी, माझ्या शेजारी उभं केलं, आणि त्यांचे दोन्ही हात वर करून दिले. मग स्वतः पुढे जाऊन उभे राहिले.

‘‘हर्... णै,’’ बाबांनी पुकारलं.

बंदरकारांचा चेहरा उजळला. ‘‘हर्णै!’’ मग त्यांनी हात वरच ठेवून विचारलं, ‘‘तू बगलंस हर्णै?’’

‘‘ब... बगलंय.’’

‘‘कसां आसा?’’

तीस वर्षं चिठ्ठ्यांवर लिहिलं, बारा-पंधरा वर्षं आम्हाला तिथे नेलं, आणि हा प्रश्न त्यांनी कुणाला कधी विचारला नव्हता. बाबांना लांब बोलता येत नसे. ‘‘पाण्यात... किल्लो,’’ ते म्हणाले. ‘‘वाळयेत... बाजार. मासे. खूप.’’

‘‘बरां आसा,’’ बंदरकार म्हणाले, आणि त्यांनी नमस्कार घातला. त्यांच्या आयुष्यातला तो पहिला नमस्कार मी पाहिला. गुडघे टेकताना त्यांना माझा हात लागला. आम्ही थांबलो.

बाणकोट मधग्याने सांगितलं, खाडी किती रुंद आहे ते. श्रीवर्धनला सावित्रीकाकी म्हणाल्या, ‘‘पोफळीच पोफळी. पण माका थंय ओकारी इली, माका जास्ती विचारू नुको,’’ आणि बंदरकार इतके हसले की हात खाली येतात की काय वाटलं. मुरुडला पुन्हा पाण्यातला किल्ला. बंदरकारांना सगळं हवं होतं. किल्ल्याला दरवाजा कुठल्या अंगाला, तेसुद्धा.

मग मुरुडचा नमस्कार झाला. आता एकच बंदर उरलं. त्यांचे हात वर होते, सुकलेल्या काटक्यांसारखे, आणि चिठ्ठी छातीवर वाऱ्याने हलत होती. बाबा पुकारणार इतक्यात बंदरकारांनीच त्यांना थांबवलं.

‘‘रवा,’’ ते म्हणाले. त्यांनी मान वळवून रांगेवरून नजर फिरवली, जुन्या सवयीने, एकेक तोंड बघत. सगळ्यांत शेवटी चढणारा म्हातारा ते शोधत होते. मग त्यांच्या नेहमीच्या आवाजात विचारलं, ‘‘म्हातारो चढलो?’’

मी त्यांच्या शेजारी उभी होते. मीही सगळ्यांच्या बरोबर ओरडले.

‘‘चढलो!’’

‘‘मगे सोडा,’’ बंदरकार म्हणाले, आणि बाबांनी मुंबई पुकारली.